दुसरा स्विच

पिकअप रिकामी असली की गरीब गायीसारखी चालायची. तक्रार होती ती भरलेल्या गाडीची, आणि तीही एकट्या वहिनीची.

वहिनी म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या भावाची बायको. भावाचं काचेचं दुकान होतं. काच कापायची दादाने आणि पोचवायची वहिनीने, ही वाटणी लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांतच ठरून गेली, कारण दादाला स्टिअरिंगमागे बसलं की डुलकी यायची आणि वहिनीच्या हातून काचेवर सरळ रेघ कधी उमटली नाही. हौद्यात लोखंडी घोडी उभी केलेली, तिच्या दोन्ही अंगांना फेल्ट लावून काचा टेकवायच्या आणि पट्ट्यांनी आवळायच्या. अशी ती बावीस वर्षं जुनी पिकअप वहिनी दिवसाला दोन-दोनशे किलोमीटर पळवत असे.

दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा धरला. लांबच्या रस्त्यावर तासन्‌तास अॅक्सिलरेटर दाबून ठेवला की संध्याकाळी तिला जिना चढवत नसे. गाडीत क्रूझ कंट्रोल होतं. ऐंशीचा वेग लावून द्यायचा, पाय मोकळा करायचा, गाडी आपली आपण ऐंशीने जाते आणि ब्रेकला पाय लागला की ते सुटतं. तेव्हा ते बंद पडलेलं होतं. दादाने ते धाकट्या भावाकडून चालू करून घेतलं आणि वहिनीचा गुडघा सुखावला.

आता महिन्याभरात दोनदा तिने घरी येऊन सांगितलं होतं, की ब्रेक दाबला तरी गाडी ओढतच होती.

"ओढत होती म्हणजे?" दादाने विचारलं.

"म्हणजे मी थांबवतेय आणि ती जातेय. बैल जुंपल्यासारखी. क्रूझचं बटण तीन-चारदा दाबलं, मग कुठे सुटली."

"पाय चुकून दुसऱ्या पेडलवर पडला असेल."

"वीस वर्षांत नाही पडला तो आत्ताच बरा पडला," वहिनी म्हणाली आणि आत निघून गेली.

मिस्त्रीने गाडी दोन्ही वेळा तपासली होती. गल्लीभर त्याला मिस्त्री म्हणूनच ओळखत. वर्कशॉप एकट्याचं, हात स्वच्छ आणि जीभ आखडती. त्याने पेडलजवळचा स्विच पाहिला, फ्यूज पाहिले, बटणाची टोकं घासून साफ केली. बाहेरच्या रस्त्यावर गाडी पंचवीस वेळा पळवून पंचवीस वेळा ब्रेक दाबला आणि पंचवीसही वेळा क्रूझ निमूटपणे सुटलं. दुखणं घेऊन डॉक्टरकडे जावं आणि उंबऱ्यातच बरं वाटायला लागावं, तशातला प्रकार.

"काही नाही वहिनी," तो दोन्ही वेळा म्हणाला. दुसऱ्या वेळी त्याने हेही जोडलं, "दमत असाल तुम्ही. जरा विश्रांती घ्या."

वहिनीने त्यावर त्याच्याकडे असं पाहिलं की तो उगाच पाने पुसू लागला.

त्यानंतर आठ दिवसांनी सकाळी ती गाडी भरूनच त्याच्या दारात आली. एका शाळेच्या खिडक्यांच्या चौदा काचा होत्या. तिने इंजिन बंद केलं नाही.

"बसा भाऊजी."

"कुठे?"

"शाळेत. तुम्ही रिकामी गाडी तपासता. मी रिकामी चालवत नाही. भरलेल्या गाडीत बसा आणि काय होतं ते तुमच्या डोळ्यांनी बघा."

मिस्त्रीने वर्कशॉपचं शटर ओढलं, तपासणीचा छोटा दिवा घेतला आणि त्याची चिमटी ब्रेकच्या स्विचमधून निघणाऱ्या वायरीला लावली. ब्रेक दाबल्याचा निरोप त्या वायरीतून जातो. मागचे दिवे त्यानेच लागतात, क्रूझला सुटायचं तेही त्यानेच कळतं. निरोप गेला की मिस्त्रीच्या मांडीवरचा दिवा पेटणार होता.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर वहिनीने ऐंशी लावले आणि पाय काढला.

"दाबा ब्रेक," मिस्त्री म्हणाला.

दिवा पेटला. इंजिनाचा आवाज बसला. क्रूझ सुटलं.

पाच-सहा किलोमीटरवर पुन्हा दाबायला सांगितलं. पुन्हा पेटला. मग तिसऱ्यांदा. वहिनीचा जबडा आवळलेला त्याला दिसत होता. आपण खोटे पडतोय की काय, ही भीती तिला गाडीच्या भीतीहून मोठी वाटत असावी.

पुढे रस्ता उखडलेला होता. खड्ड्यांतून गाडी दणदणत गेली, मागे काचा कुरकुरल्या, हौदा खाली बसून पुन्हा वर आला. मग लांब चढण लागली. क्रूझने वेग टिकवायला जोर लावला, इंजिन गरजलं. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, मला वाटतं की..."

त्याला काय वाटतं ते राहूनच गेलं. गाडी माथ्यावर आली आणि खाली रस्ता दिसला. उतार संपतो तिथे दुरुस्तीचं काम चाललं होतं. एक बाजू बंद होती. दहा-बारा गाड्या एकामागे एक उभ्या होत्या आणि शेवटच्या व्हॅनच्या मागे एक माणूस लाल झेंडा घेऊन उभा होता.

वहिनीने ब्रेक दाबला. दिवा पेटला आणि लगेच विझला.

मिस्त्रीला वाटलं चिमटी सुटली. त्याने खाली पाहिलं. चिमटी जागच्या जागी होती. वहिनीचा पाय पेडलवर होता, पूर्ण दाबलेला. आणि इंजिन, ब्रेकने वेग पडतोय असं लक्षात येताच, तो भरून काढायला आणखी जोराने ओढू लागलं.

"बघा," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हे असं."

"बटण."

ती बटण दाबतच होती. एकदा, दोनदा, चारदा. काही नाही. तिने ब्रेक सोडून पुन्हा मारला, पुन्हा सोडला, पुन्हा मारला आणि तिसऱ्या वेळी म्हणाली, "पेडल दगड झालंय."

"सोडू नका. सोडून मारलं की त्यातला जोर जातो. एकदाच दाबून धरा. दोन्ही पायांनी धरा."

तिने दुसरा पाय पहिल्यावर ठेवला आणि सीटला पाठ रेटली. वेग साठावर आला होता आणि तिथेच अडकला होता. करपल्याचा वास आत आला. झेंडेवाला आधी झेंडा हलवत होता, आता त्याने हलवणं थांबवून नुसतं पाहायला सुरुवात केली. डावीकडे खडीचे ढीग होते, उजवीकडे कठडा. मागे चौदा काचा.

मिस्त्रीचा हात किल्लीकडे गेला आणि त्याने तो आवरला. घाईत किल्ली जास्त फिरली तर स्टिअरिंग कुलूप होऊन बसेल.

"न्यूट्रल करा."

"एवढ्या वेगात? गिअर मोडेल."

"मोडू दे. न्यूट्रल करा वहिनी."

स्टिअरिंगला लागूनच गिअरचा दांडा होता. तिने तो वर ढकलला. इंजिन एकदम किंचाळलं, सगळी केबिन थरथरली, पण ओढ तुटली. ती तुटल्याचं दोघांनाही अंगात कळलं, दोरखंडाचं दुसरं टोक कुणीतरी सोडून द्यावं तसं. आता ब्रेक गाडीला धरू लागले. पन्नास. पस्तीस. झेंडेवाला बाजूला झाला. व्हॅनच्या मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने चेहरा काढला होता, तो मोठा होत गेला, आणि त्याच्यापासून दोन हातांवर गाडी थांबली.

मिस्त्रीने किल्ली फिरवून किंचाळतं इंजिन बंद केलं.

मागे कुठलीतरी एक काच हळूच किरकिरली आणि गप्प झाली. वहिनीचे दोन्ही पाय अजून पेडलवरच होते.

"बघितलंत ना?" ती म्हणाली.

"बघितलं."

"मग आता घरी गेल्यावर ह्यांना सांगा, माझा पाय कुठे होता ते."

रांग पुढे सरकल्यावर मिस्त्रीने गाडी खडीच्या ढिगाशेजारी सपाट जागेवर घेतली, चाकांना दगड लावले आणि तो हौद्याखाली शिरला. शोधायला फार वेळ लागला नाही. मागच्या दिव्यांकडे जाणारी वायर चासीला धरून गेलेली होती. तिची एक क्लिप कधीतरी तुटली होती आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या कंसाशी ती लोंबत होती. गाडी रिकामी असली की वायर आणि कंस यांच्यात बोटभर अंतर. काचा चढल्या, पाटे बसले, खड्डे लागले, की कंस वायरीला घासायचा. घासून घासून वरचं प्लॅस्टिक गेलं होतं आणि आतलं तांबं चकचकत होतं.

ब्रेक दाबला की त्या तांब्यातला करंट सरळ लोखंडात. मग जुन्या गाडीतला, आपोआप उडणारा आणि थंड झाला की आपोआप जुळणारा फ्यूज उडणार. निरोप मेला. मागचे दिवे मेले. बटणाचा करंटही त्याच फ्यूजमधून, म्हणून बटणही मेलं. क्रूझला पत्ताच नाही की बाई ब्रेकवर उभ्या आहेत. आणि थोड्या वेळाने फ्यूज पुन्हा जुळला की सगळं शहाण्यासारखं.

"सापडलं का?" वहिनीने विचारलं. त्याला खालून फक्त तिच्या चपला दिसत होत्या.

"सापडलं. वायर घासलीय. भरलेल्या गाडीतच लागते ती."

"म्हणजे माझं खरं होतं."

"तुमचं खरं होतं."

चपला दोन पावलं लांब गेल्या आणि थांबल्या. ती बहुतेक डोळे पुसत होती. मिस्त्री उताणा पडून त्या उघड्या तांब्याकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यात एक हिशेब जुळत नव्हता. ही वायर मेली तरी क्रूझ सुटायलाच हवं होतं. बनवणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणून ते ब्रेकला दुसरा स्विच देतात. तो इंजिनापाशी ब्रेकच्या पाइपावर बसवलेला असतो, त्याची वायर वेगळी, त्याचा मागच्या दिव्यांशी संबंध नाही. पहिला राखणदार झोपला तरी दुसरा जागा हवा. मग दुसरा कुठे होता?

आणि मग त्याला आठवलं.

त्याने काही सांगितलं नाही. घासलेली वायर टेप लावून वर बांधली, क्रूझचा फ्यूज काढून खिशात टाकला, काचा पोचवेपर्यंत स्वतः गाडी चालवली आणि वाटेत वहिनी जे बोलली त्याला हूं हूं करत राहिला.

दुपारी वर्कशॉपमध्ये एकटा असताना त्याने बॉनेट उघडलं. बॅटरीचा ट्रे काढल्यावर तो स्विच दिसला. त्याची दोन्ही टोकं मोकळी होती, आणि ती ज्या दोन वायरींना लागायची त्या निळ्या वायरीच्या एका तुकड्याने एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. वर काळी टेप. टेपेचं शेवटचं टोक आत दुमडलेलं, म्हणजे पुढे सोडवायला नखात यावं. तसं टोक दुमडायची सवय गल्लीत फक्त एकाच माणसाला होती.

दोन वर्षांपूर्वी क्रूझ बंद पडलं होतं ते हा स्विच मेल्यामुळे. नवा मिळत नव्हता. दादा म्हणाला होता, "तिचा गुडघा फार दुखतोय रे, कर ना काहीतरी." मिस्त्रीने पाच मिनिटांत स्विचला वळसा घातला. क्रूझ चालू. नवा स्विच आला की बदलू, असं तो तेव्हा म्हणाला होता. दादा ते ऐकून विसरला आणि मिस्त्री बोलून विसरला.

वायर काढून फेकली असती तर कुणालाही कळलं नसतं. घासलेली वायर सापडली होती, तेवढं कारण पुरेसं होतं, वर शाबासकीही मिळाली होती. त्याने निळा तुकडा काढला, हातात धरला आणि संध्याकाळपर्यंत कुठलंच काम केलं नाही.

दुकान बंद व्हायच्या वेळेला तो गेला. दादा टेबलावर काच मोजत होता, वहिनी पट्टे गुंडाळत होती. मिस्त्रीने तुकडा काचेवर ठेवला आणि जसं होतं तसं सांगितलं. सांगताना तो दादाकडेच पाहत होता, कारण वहिनीकडे पाहणं त्याला जमत नव्हतं.

"पण मीच म्हणालो होतो तुला, काहीतरी कर," दादा म्हणाला.

"तू काचवाला आहेस. मिस्त्री मी आहे."

वहिनीने पट्टा खाली ठेवला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"महिनाभर मला वाटत होतं, माझंच डोकं फिरलंय," ती म्हणाली. "झोपेतसुद्धा पाय बघायचे मी, कुठल्या पेडलवर आहेत ते. आणि तुम्ही दोघं मला विश्रांती घ्यायला सांगत होतात."

दादाने मान खाली घातली. त्याचा पायाविषयीचा शब्द त्यालाही आठवला असणार.

"चुकलं वहिनी," मिस्त्री म्हणाला.

"चुकलं ते चुकलं." तिने तो निळा तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. मग तिने विचारलं, "माझ्याच गाडीत केलंत, की आणखी कुणाच्या?"

मिस्त्री स्टुलावर बसला. हा प्रश्न त्याला दिवसभरात एकदाही पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्याच टेबलावर बसून त्याने आठवून आठवून यादी केली. त्याच बनावटीच्या आणखी सात जुन्या पिकअप. सातही जणांचा दुसरा स्विच मेलेला, सातही जणांना त्याने वळसा घालून दिलेला. ज्यांचा पहिला स्विच धड होता त्यांचं काही बिघडलं नव्हतं. बिघडेपर्यंत बिघडणारही नव्हतं.

फोन वहिनीने लावून दिले, बोलला मिस्त्री. पहिला प्लंबर होता. तो म्हणाला, क्रूझ कशाला म्हणतात हेच मला माहीत नाही, मी फक्त वायपर दुरुस्तीला आलो होतो. मिस्त्रीला ते खरंही वाटलं, तरी गाडी दाखवायला आणाच, असं त्याने सांगितलं. दुसऱ्याने तुमच्यासारख्याला गाडी दिली हीच चूक, असं सुनावून फोन ठेवला, आणि अर्ध्या तासात गाडी घेऊन हजर झाला. तिसरा, चौथा, दोघंही येतो म्हणाले.

पाचव्या नर्सरीवाल्या बाई. त्या म्हणाल्या, "गाडी जावई घेऊन गेलेत. रोपं भरून. सकाळीच निघाले."

मिस्त्रीने जावयाचा नंबर घेतला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला. मागे वाऱ्याचा आवाज होता.

"क्रूझ लावलंय का?" मिस्त्रीने विचारलं.

"हो, लावलंय ना. आरामात चाललोय. कोण बोलतंय?"

"तुमच्या गाडीचा मिस्त्री. नीट ऐका, घाबरायचं नाही. पुढे रस्ता मोकळा आहे का?"

"आहे."

"बटणाने क्रूझ बंद करा. आता. सुटलं का?"

वाऱ्याचा आवाज चालूच राहिला. वहिनी टेबलाची कड धरून उभी होती.

"बंद केलं. सुटलं वाटतं."

"मग कडेला घ्या आणि थांबा. पुन्हा लावू नका. मी येतोय."

त्यानंतर पलीकडून काही ऐकू आलं नाही. फोन कट झाला नव्हता, नुसता वारा, मग वारा कमी, मग हँडब्रेक ओढल्याचा करकर आवाज.

"थांबलो. झालंय काय पण?"

मिस्त्री स्कूटरवरून चाळीस मिनिटांत तिथे पोचला. रोपांनी हौदा गच्च भरलेला होता आणि जावई सावलीत उभा राहून चिडण्याच्या तयारीत होता. मिस्त्रीने त्याला काही न सांगता आत बसवलं आणि ब्रेक दाबायला लावला. स्वतः गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"दाबलात?"

"दाबलाय की."

मागचे दोन्ही दिवे काळे होते. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक. या गाडीत पहिला राखणदार आधीच गेलेला होता आणि दुसऱ्याला मिस्त्रीने स्वतःच्या हाताने रजा दिली होती. मधे राहिलं होतं ते फक्त एक बटण आणि जावयाची ते आधी दाबायची सवय. मिस्त्री मागच्या फळीपासून पुढे आला. मग त्याने बॉनेट उघडून वळसा काढला, पेडलच्या स्विचची निसटलेली वायर जोडली, दिवे लावून दाखवले आणि सगळं खरं खरं सांगितलं. जावई चिडायचं विसरला. त्याने फक्त विचारलं, "घरी नका सांगू हं, माझी बायको गाडी देणार नाही पुन्हा."

"सांगणार," मिस्त्री म्हणाला.

सहावी गाडी त्याच संध्याकाळी आली.

नवा स्विच मिळायला तीन आठवडे लागले. तोवर वहिनी दुखऱ्या गुडघ्यानेच गाडी चालवत होती आणि दादा रोज संध्याकाळी तिच्या पायाला तेल चोळत होता, न सांगता. स्विच बसवल्यावर मिस्त्री म्हणाला, "आता बिनधास्त लावा क्रूझ."

"असं नाही," वहिनी म्हणाली. "गाडी भरलेली आहे. तो पहिला निरोप तोडा, आणि नुसत्या दुसऱ्यावर सुटतं का ते मला दाखवा."

त्याने पहिली वायर तोडली. मोकळ्या रस्त्यावर तिने ऐंशी लावले, पाय काढला, चार-पाच क्षण थांबली आणि ब्रेकला नुसता अंगठा लावला. इंजिन शांत झालं. तिने हे सहा वेळा केलं. सहाव्या वेळेनंतर मिस्त्रीने वायर पुन्हा जोडली, तेव्हा ती शेजारी उभी राहून पाहत होती.

सातवी गाडी मात्र मिळाली नाही. मूळ मालकाने ती विकली होती, घेणाऱ्याने पुढे विकली होती, आणि त्याने दिलेला पुढच्या मालकाचा नंबर आता दुसऱ्याच कुणाचा होता. मिस्त्री दर आठ-पंधरा दिवसांनी कुणाला ना कुणाला फोन करतो. दादा दुकानात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो. वहिनी रस्त्यावर असते, तिला तशी पिकअप दिसली की ती नंबर वाचते. गेल्या महिन्यात एका गाडीची पाटी चिखलाने माखलेली होती, तर ती अकरा किलोमीटर तिच्या मागे गेली, हॉर्न देऊन तिला थांबवलं आणि त्या भांबावलेल्या माणसाला बॉनेट उघडायला लावलं. बॅटरीच्या ट्रेखाली हात घालून तिने चाचपलं. दोन्ही वायरी स्विचला लागलेल्या होत्या.

"तुमची नाही ही," तिने फोनवर मिस्त्रीला सांगितलं आणि काचा घेऊन पुढे गेली.